अंगणातील दुर्बीण आणि ग्रहांची नोंदवही

नवी दुर्बीण घरात आली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिच्यातून शनीची कडी दिसतील का? ती दिसली की लगेच दुसरा प्रश्न येतो : याचा फोटो निघेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर युरोपातील निरीक्षकांना सतराव्या शतकातच मिळाले. दुसऱ्याचे समाधानकारक उत्तर मात्र अगदी अलीकडे, गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत, सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे. आज मध्यम आकाराची दुर्बीण, एक छोटा कॅमेरा आणि घरातलाच संगणक यांच्या साहाय्याने गुरूवरील पट्टे, मंगळावरील ध्रुवीय टोपी आणि शनीच्या कड्यांमधील काळी फट टिपता येते. असे काम करण्यासाठी मोठ्या शहरात राहण्याची गरज नाही. उलट कोकणातील देवरूखसारखे गाव या कामी अनेक शहरांपेक्षा सोयीचे ठरावे, अशी कारणे आहेत.

देवरूखचे आकाश

संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले देवरूख सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसले आहे. गावाचा अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर. या एका आकड्यात ग्रहांचे छायाचित्र घेणाऱ्याचे मोठे भाग्य दडलेले आहे. सर्व ग्रह सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या आसपासच फिरतात आणि हा मार्ग आपल्या अक्षांशावरून पाहिला असता आकाशात उंचावरून जातो. लंडनचा अक्षांश ५१ अंशांहून अधिक आहे. तेथे अनेक वर्षे गुरू व शनी क्षितिजापासून फारसे वर येतच नाहीत.

ग्रह किती उंच आहे याला एवढे महत्त्व का, हे समजून घेणे आवश्यक आहे. ग्रहाचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो पृथ्वीच्या वातावरणातून. ग्रह डोक्यावर असेल तर त्या प्रकाशाला हवेचा सर्वांत पातळ थर पार करावा लागतो. तोच ग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर हवेची जाडी दुप्पट होते. हवेत उष्ण आणि थंड झोत सतत मिसळत असतात. भट्टीवरून पलीकडची भिंत पाहिली की ती थरथरताना दिसते, त्याच प्रकारे ग्रहाची प्रतिमा थरथरते. हवा जितकी जाड तितकी थरथर अधिक.

ब्रिटनमधील प्रसिद्ध हौशी छायाचित्रकार डेमियन पीच यांनी ग्रहांची उत्तम चित्रे मिळवण्यासाठी अनेकदा कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटाची वाट धरली. त्या बेटाचा अक्षांश १३ अंश. एवढा प्रवास करून जे साधावे लागते ते देवरूखच्या रहिवाशाला घराच्या दारात मिळते. पूर्वेला सह्याद्रीची रांग असल्यामुळे ग्रह थोडे उशिरा दिसू लागतात, हे खरे. परंतु क्षितिजाजवळच्या ग्रहाचे चांगले छायाचित्र तसेही मिळत नाही, तेव्हा त्या विलंबात काही गमावले जात नाही.

उणी बाजूही मांडली पाहिजे. जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कोकणात आकाश बहुधा झाकलेले असते. २७ जुलै २०१८ रोजी मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आला आणि त्याचा दृश्य आकार २४ विकलांवर पोहोचला. इतका मोठा मंगळ क्वचितच दिसतो; पण तो दिवस आला ऐन पावसाळ्यात. आकाशाचे वेळापत्रक आपल्या सोयीने आखलेले नसते. जे मिळते ते नोव्हेंबर ते मार्चच्या रात्रींत, आणि त्या रात्री वाया घालवू नयेत हाच त्यावरील उपाय.

कोकणातील जुनी परंपरा

आकाशाचा अभ्यास रत्नागिरीच्या परिसराला नवा नाही. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा मराठीतील पायाभूत ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोली तालुक्यातील मुरूडचे. त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणावरून पुढे सरकली. त्या वेळी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग येथे तळ दिला आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांच्या मदतीने ग्रहणाची छायाचित्रे घेतली. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे मांडून बसले होते.

नायगमवाला हे पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी साहाय्यातून उभ्या राहिलेल्या या वेधशाळेत डब्लिनच्या ग्रब कंपनीने घडवलेली २० इंच व्यासाची दुर्बीण होती. त्या काळी भारतातील ती सर्वांत मोठी दुर्बीण होय. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला गेली. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर एक पेढी मिटावी तसे हे झाले. जाणता वारस तयार केला नाही तर मोठे साधनही टिकत नाही, हा धडा व्यापारी कुटुंबांना वेगळा सांगण्याची गरज नाही.

पुढे हौशी निरीक्षकांनीच ही परंपरा सावरली. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून कार्यरत आहे आणि वांगणी येथील त्याचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम अनेक मराठी कुटुंबांना परिचित आहेत. पुण्याच्या आयुका या संस्थेत अरविंद परांजपे यांच्या मार्गदर्शनाखाली दुर्बीण घडवण्याच्या कार्यशाळा झाल्या. त्यांत विद्यार्थी व शिक्षक स्वतःच्या हातांनी काच घासून आरसा तयार करीत.

छायाचित्र अवघड का होते?

गुरू हा आकाराने सर्वांत मोठा ग्रह; तरी तो पृथ्वीवरून सुमारे ४५ विकला एवढाच दिसतो. म्हणजे चंद्राच्या व्यासाचा चाळिसावा भाग. रुपयाचे नाणे सुमारे १०० मीटर अंतरावर धरले तर ते जेवढे दिसेल तेवढा गुरू. त्या नाण्यावरील अक्षरे वाचायची आहेत आणि मधली हवा सतत हलते आहे, असे हे काम आहे.

जुन्या काळी काचेवर किंवा फिल्मवर छायाचित्र घेताना प्रकाश काही सेकंद साठवावा लागे. तेवढ्या वेळात प्रतिमा शेकडो वेळा थरथरे आणि सर्व बारकावे एकमेकांत मिसळून जात. म्हणून विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत ग्रहांच्या पृष्ठभागाचे बारकावे टिपण्यासाठी अनुभवी डोळा आणि हातातील पेन्सिल यांवरच अधिक विश्वास ठेवला जाई. डोळा हवा स्थिर होण्याच्या क्षणाची वाट पाहू शकतो. फिल्मला ते जमत नव्हते.

पण डोळा फसतोही. १८७७ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या. अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी त्या रेषांचे कालवे केले आणि ते खोदणाऱ्या बुद्धिमान प्राण्यांची कल्पना जगभर पसरवली. १९०९ मध्ये फ्रान्समधील म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणीतून अंतोनियादी यांनी पाहिले तेव्हा रेषांच्या जागी विखुरलेले ठिपके आढळले. १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि कालव्यांचा विषय संपला. लॉवेल खोटे बोलत नव्हते. त्यांना जे दिसावे असे वाटत होते ते त्यांना दिसत राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर बसवण्याचे छोटे वेबकॅम आले आणि हौशी लोकांनी ते दुर्बिणीला लावले. यातून एक साधी पण परिणामकारक रीत निघाली. एकच छायाचित्र घेण्याऐवजी ग्रहाचे चलचित्रण करायचे. एका सेकंदात ६० चित्रे या वेगाने दोन मिनिटांत ७,२०० चित्रे मिळतात. त्यांतील बहुसंख्य चित्रे हवेने बिघडवलेली असतात. पण काही क्षण हवा जणू श्वास रोखून धरते आणि त्या क्षणांची चित्रे स्वच्छ येतात. संगणक प्रत्येक चित्र तपासतो, उत्तम अशी हजारभर चित्रे निवडतो, ती एकमेकांवर नेमकी बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. एका चित्रातील रवाळपणा हजार चित्रांच्या सरासरीत सुमारे तिसाव्या भागापर्यंत उतरतो. नेदरलँड्समधील हौशी मंडळींनी लिहिलेले रेजिस्टॅक्स आणि ऑटोस्टॅकर्ट हे कार्यक्रम यासाठी जगभर वापरले जातात.

दाणे पाखडून भुसा उडवायचा आणि उरलेले धान्य मापात घ्यायचे, अशीच ही क्रिया आहे.

दुर्बीण घेताना

दुर्बिणीच्या खोक्यावर ‘पाचशे पट’, ‘सहाशे पट’ असे आकडे ठळक छापलेले असतात. खरेदी करणाऱ्याने प्रथम त्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. दुर्बिणीची खरी योग्यता तिच्या मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. ढोबळ नियम असा की व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुपटीपर्यंतच मोठेपणा उपयोगी पडतो. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट ही मर्यादा झाली. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवे काही दिसत नाही. वजनात मारलेला माल ओळखणाऱ्या माणसाने हा आकड्यांतील खोटही ओळखला पाहिजे.

ग्रहांच्या छायाचित्रणासाठी १५० ते २०० मिलिमीटर व्यासाची, आरशाची दुर्बीण ही चांगली सुरुवात होय. १५० मिलिमीटरची दुर्बीण सुमारे पाऊण विकलेचा भेद ओळखू शकते, म्हणजे गुरूच्या बिंबाचे आडवे सुमारे साठ भाग वेगळे करू शकते. पट्टे, तांबडा डाग आणि उपग्रहांची सावली दिसण्यास एवढे पुरेसे आहे. लाकडी बैठकीवर फिरणारी डॉब्सोनियन दुर्बीण सर्वांत स्वस्त पडते. तिचे जनक जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीत १९४४ ते १९६७ पर्यंत संन्यासी म्हणून राहिले. टाकाऊ काच घासून त्यांनी दुर्बिणी केल्या आणि पदपथावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवले. या बैठकीला ग्रहामागे आपोआप फिरण्याची सोय नसते. हाताने ढकलत राहावे लागते. चित्रणासाठी यंत्राने फिरणारी बैठक सोयीची, मात्र तिचा खर्च दुर्बिणीएवढा किंवा अधिक होऊ शकतो.

म्हणून घाईने मोठी रक्कम घालू नये. पहिले काही महिने आयपीसवर मोबाइल पकडण्याचे साधे साधन लावून चंद्र आणि गुरू यांचे चलचित्रण करावे. मुलांची आवड टिकते असे दिसले तर मग ग्रहांसाठीचा खास कॅमेरा घ्यावा. शहरातील एखाद्या खगोल मंडळाच्या कार्यक्रमास एकदा जाऊन निरनिराळ्या दुर्बिणींतून प्रत्यक्ष पाहिले तर निवड अधिक डोळसपणे होते.

कोकणातील घरासाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. पावसाळ्यातील दमट हवेत भिंगांवर आणि आरशांवर बुरशी धरते आणि एकदा ती धरली की काचेवरील लेप कायमचा खराब होऊ शकतो. दुर्बीण दव पडलेल्या अवस्थेत कधीही झाकून ठेवू नये. आधी कोरडी होऊ द्यावी. आयपीस आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात.

अंगणातील काम

दुकान वाढवून घरी आल्यावरचा वेळ या छंदाला पुरेसा असतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरात तर संध्याकाळ मोकळीच असते. दुर्बीण वापरण्यापूर्वी तासभर आधी बाहेर काढून ठेवावी. घरातील उष्णता आरशात शिल्लक असेल तर नळीच्या आतच हवा हलू लागते. स्लॅबच्या गच्चीपेक्षा मातीचे अंगण, ज्याला कोकणात खळे म्हणतात, ते चांगले. कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बराच वेळ उष्णता सोडत राहतो. आरशांची जुळणी प्रत्येक वेळी तपासावी. अंधाराची सवय झालेली नजर बिघडू नये म्हणून मंद लाल दिवा वापरावा. पांढऱ्या दिव्याच्या मानाने लाल प्रकाशाकडे कीटकही कमी ओढले जातात, हा दुसरा लाभ.

चित्रण किती वेळ करावे याला मर्यादा आहे. गुरू स्वतःभोवती सुमारे ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. हिशेब केला तर त्याच्या बिंबाच्या मध्यावरील खूण दर मिनिटाला सुमारे पाव विकला सरकते. तीन मिनिटांत ती जवळजवळ पाऊण विकला पुढे जाते आणि १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीची क्षमता तेवढीच आहे. त्याहून लांब चित्रण केले तर गुरूच्या स्वतःच्या गतीनेच चित्र पुसट होते. मंगळ सुमारे साडेचोवीस तासांत फिरतो आणि लहानही दिसतो, म्हणून त्याला अधिक वेळ देता येतो.

दुर्बिणीसंबंधी एक नियम घरातील प्रत्येक मुलाला पाठ असला पाहिजे. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. पुढच्या बाजूला योग्य गाळणी बसवल्याशिवाय क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जातो. दिवसा दुर्बीण उघडी ठेवून मोठ्यांनी जागेवरून हलू नये.

चित्र आणि प्रामाणिकपणा

या छंदात खरी कसोटी लागते ती संगणकासमोर. हजार चित्रांची सरासरी काढल्यावर मिळणारी प्रतिमा मऊ असते. तिच्या कडा ठळक केल्या की पट्टे उठून दिसतात. येथपर्यंत काम योग्य आहे, कारण जे बारकावे चित्रात आहेत तेच वर आणले जातात. पण हाच हात आणखी पुढे गेला तर ग्रहाच्या कडेला खोटी वर्तुळे उमटतात, रवाळपणातून ढगांसारखे आकार तयार होतात आणि पाहणाऱ्याला ते खरे वाटू लागतात. अलीकडे काही मोबाइल आणि संगणक कार्यक्रम ओळखीचा आकार दिसला की त्यात न टिपलेले तपशीलही भरू शकतात. असे चित्र देखणे होईल. परंतु त्या रात्री त्या अंगणातून ते दिसलेच नव्हते. लॉवेल यांच्या डोळ्यांनी जे केले तेच आता यंत्र करू शकते आणि तेही क्षणार्धात.

याला तपासाचे साधे मार्ग आहेत. एकाच रात्री थोड्या थोड्या वेळाने तीन चित्रणे घ्यावीत आणि प्रत्येकावर तीच प्रक्रिया करावी. जो ठिपका तिन्हींत, गुरूच्या गतीनुसार सरकत जाताना दिसतो, तो खरा. एकातच दिसणारा ठिपका मानू नये. मूळ चलचित्र किमान काही काळ जपून ठेवावे. पक्क्या बिलामागे जसे कच्चे चिठ्ठे जपतात तसे. आणि प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, हवेची स्थिती आणि केलेली प्रक्रिया लिहून ठेवावी. वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. देवरूखमध्ये ११ तारखेला रात्री साडेबारा वाजता घेतलेल्या चित्रावर १० तारीख, १९ वाजता, असे लिहिले जाईल. ही नोंद चुकली तर सुंदर चित्रही अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी होते.

या नोंदी कोणाच्या उपयोगाच्या?

घराच्या अंगणातून घेतलेल्या चित्राला शास्त्रात खरोखर किंमत आहे का, असा प्रश्न कोणीही विचारील. गेल्या काही दशकांतील घटनाच त्याचे उत्तर देतात.

३ ऑगस्ट १९३३ रोजी लंडनच्या एका उपनगरात विल हे या विनोदी नटाने आपल्या सहा इंची दुर्बिणीतून शनीवर मोठा पांढरा डाग पाहिला. ही बातमी जगभरच्या वेधशाळांना एका हौशी माणसाने दिली. १९ जुलै २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियातील संगणक व्यावसायिक अँथनी वेस्ली घराजवळच्या आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीने गुरूचे चित्रण करीत होते. हवा बिघडली म्हणून ते काम थांबवून काही वेळ घरात गेले आणि दूरचित्रवाणीवर क्रिकेट व गोल्फ पाहत बसले. परत येऊन पाहतात तो गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग आलेला. एखादे आकाशस्थ पिंड गुरूवर आदळल्याची ती खूण होती. त्यांनी तत्काळ शास्त्रज्ञांना कळवले. हवाई बेटावरील नासाच्या दुर्बिणीने त्याची खात्री केली आणि २३ जुलैला हबल दुर्बीणही त्या डागाकडे वळवण्यात आली.

व्यापारी वाचकांना विशेष जवळचे वाटावे असे नाव फिलिपिन्समधील सेबू शहराच्या ख्रिस्तोफर गो यांचे आहे. त्यांचा व्यवसाय फर्निचरचा. दिवसभर धंदा सांभाळून ते रात्री घरून गुरूचे चित्रण करतात. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या लक्षात आले की गुरूवरील एक पांढरे वादळ तांबडे होऊ लागले आहे. त्यानंतर हबलनेही त्या वादळाची चित्रे घेतली. ३ जून २०१० रोजी वेस्ली यांनी गुरूवर सुमारे दोन सेकंदांची चमक टिपली. ती गुरूवरचीच की आपल्या वातावरणातील उल्केची, ही शंका होती. गो यांनी आपले त्या वेळचे चित्रण तपासले तर त्यातही त्याच जागी तीच चमक सापडली. हजारो किलोमीटर अंतरावरील दोन वह्यांत एकच नोंद मिळाली आणि शंका मिटली. घड्याळ अचूक नसते, किंवा मूळ चित्रण पुसून टाकलेले असते, तर हे सिद्ध झाले नसते.

गुरूच्या प्रसिद्ध तांबड्या डागाची गोष्ट याहून संथ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी सुमारे ४०,००० किलोमीटर होती. २०१४ मध्ये हबलने ती सुमारे १६,५०० किलोमीटर मोजली. डाग आक्रसण्याचा वेग वाढला आहे, हे २०१२ पासूनच्या हौशी निरीक्षणांतून प्रथम लक्षात आले. मोठ्या वेधशाळांना रोज रात्री एकाच ग्रहाकडे पाहत राहणे परवडत नाही. अंगणातील दुर्बिणीला ते परवडते. स्पेनमधील बास्क विद्यापीठ अशी हौशी चित्रे तारीखवार जतन करते आणि गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाचे शास्त्रज्ञही हौशी चित्रांचा आधार घेतात.

या निरीक्षणांच्या नकाशावर पृथ्वीच्या प्रत्येक भागाची स्वतंत्र पाळी असते. जपानमध्ये पहाट होते तेव्हा भारतात रात्र शिल्लक असते. युरोपात संध्याकाळ होण्यापूर्वी भारतात अंधार पडलेला असतो. मधल्या त्या तासांत गुरूवर जे घडेल ते आपल्याच भागातील कोणीतरी टिपले तर टिपले जाईल.

येणारी संधी

२०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलात आली होती, त्यामुळे कडी रेघेसारखी बारीक दिसत होती; आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत जातील. त्याहून सोयीची संधी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्या महिन्यात १० तारखेच्या सुमारास गुरू आणि १९ तारखेच्या सुमारास मंगळ सूर्याच्या समोर येतील. दोघेही सिंह राशीत, एकमेकांपासून फार दूर नसतील आणि देवरूखहून पाहता मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतील. मंगळ या वेळी लहान, १४ विकलांच्या आसपासच असेल. पण कोकणातील फेब्रुवारीचे आकाश बहुधा निरभ्र असते. पावसाने हिरावलेल्या २०१८ च्या मंगळाची काही भरपाई त्यात होईल.

ज्या घरात दुर्बीण आधीच आहे आणि माळ्यावर पडून आहे, तेथे या पावसाळ्यानंतर ती खाली उतरवून आरसा तपासावा. ज्या घरात ती नाही, तेथे खरेदीपूर्वी एक वही घालावी आणि मुलांना महिनाभर साध्या डोळ्यांनी ग्रह ओळखून त्यांच्या जागा तारखेसह लिहावयास सांगावे. जे मूल ही वही नेमाने लिहील, त्याच्या हाती दुर्बीण द्यावयास हरकत नाही. पहिली चित्रे पुसट येतील, कदाचित वर्षभर येतील. त्यांच्यावरही तारीख आणि वेळ घालून ती जपून ठेवावीत.